श्रावणात आलेला पंप

१

शेडचं कुलूप शाबूत होतं आणि आत पंप नव्हता.

शहर सुविधा मंडळ ही काय चीज आहे हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत. कोल्हापुरात पाणी सोडणं, दिवे लावणं आणि खड्डे बुजवणं ही मंडळाची कामं. ती न करण्यासाठी मंडळानं वेगवेगळी खाती काढली होती आणि प्रत्येक खात्याला एक साहेब, एक शिपाई आणि एक गुळगुळीत सोफा दिला होता. शेवटी लोक कंटाळून कोर्टात गेले. कोर्टानं मंडळाचा कारभार तपासायला बाहेरची लेखापरीक्षक नेमली. तिचं नाव ललिता कुरणे. मंडळानं तिचा मान राखून तिला मुतारीशेजारची खोली दिली.

ललिता डिसेंबरात पहिल्यांदा नदीकाठच्या गोदामात आली, तेव्हा पाणी खात्याचा राखीव पंप तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. महापूर आला की नदीकाठचे पंप बुडतात, आणि सगळीकडे पाणीच पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडतात. त्या दिवसांसाठी घेतलेला हा पंप. कागदाप्रमाणे तो त्याआधीच्या श्रावणात आला होता. डिसेंबरात तिनं तो नुसता पाहिला. आता, १९९८ च्या मार्च महिन्यात, तिनं आठवडाभर आधी कळवलं की मला तो चालताना बघायचाय.

आणि आता शेड रिकामी होती.

"चोरी! चोरी झाली!" पाणी खात्याचे कार्यकारी अभियंता पिराजीराव इंगळे ओरडले. ते अजून शेडच्या दारातसुद्धा पोचले नव्हते. पिराजीराव हा माणूस म्हणजे चार अंगठ्या, एक पोट आणि त्यामागे चालणारा उरलेला इंगळे. त्यांनी आत डोकावून पाहण्याचेही कष्ट घेतले नाहीत. सरळ स्टोअरकीपरकडे बोट दाखवलं.

स्टोअरकीपर धम्मपाल शिंगे दोनच पावलांवर उभा होता. त्याच्या हातात चावी होती. आधीचा स्टोअरकीपर निवृत्त होऊन वारला, म्हणून डिसेंबरात धम्मपालची इथं बदली झाली होती.

"चावी कुणाकडं असती?" पिराजीरावांनी विचारलं.

"माझ्याकडं. दुसरी धोंडीराम मिस्त्रींकडं," धम्मपाल म्हणाला.

"मिस्त्री तीस वर्षं हाय आमच्याकडं. तू काल आलास." मग पिराजीराव ललिताकडे वळले आणि गोड हसले. "बघा मॅडम. तुमचाच माणूस निघाला की."

"माझा म्हणजे?"

"म्हंजे... वळखीचा असंल तुमच्या."

ललिताची आणि धम्मपालची ओळख नव्हती. दोघं बौद्ध होते एवढंच. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला पिराजीराव काय म्हणाले ते कळलं, आणि एकालाही लाज वाटली नाही. दोघेतिघे तर हसलेसुद्धा.

"सोमवारी मंडळाच्या प्रशासकांपुढं बैठक हाय," पिराजीराव धम्मपालला म्हणाले. "त्याच्या आत लिहून दे. न्हायतर पोलीस न्हेतील बेड्या घालून."

२

"तो पंप तुम्ही पाहिला होतात?" ललितानं विचारलं. धम्मपाल तिच्या खोलीत खुर्चीच्या कडेला टेकला होता. भिंतीपलीकडे मंडळाचे कर्मचारी खाकरत होते.

"बघितला की. चार्ज घेतला त्या दिवशी. तुम्ही तपासणीला आलासा त्योच आठवडा. नंतर शेड उघडायचं काम पडलं न्हाय. राखीव पंपाला कोण कशाला हात लावतंय?"

"एवढा पंप न्यायचा तर काय लागेल?"

"क्रेन. न्हायतर चेन-कप्पी आन् सात-आठ गडी. सायकलवर घालून न्यायला त्यो काय भाजीचा हारा हाय?"

"मग हे तुम्ही साहेबांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. साहेब म्हणाले, सात-आठ गड्यांची नावं पण लिहून दे." धम्मपालनं भिंतीकडे पाहून आवाज खाली आणला. "मॅडम, साहेब म्हणतात, चूक झाली असं लिहून दिलास तर नोकरीवर निभावंल. पोलीस यायचे न्हाईत. आमच्या गल्लीत पोलीस आलं तर माझी पोरगी शाळंला कशी जाईल? आई तर जीवच दील. आमच्या घरात मॅट्रिक झालेला, सरकारी खुर्चीवर बसलेला मी पयला माणूस."

"काहीही लिहून देऊ नका," ललिता म्हणाली. "ऐकताय ना? एक ओळसुद्धा नाही."

त्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे तिला कळलं नाही.

तो गेल्यावर ललितानं स्वतःचा डिसेंबरातला अहवाल काढून समोर ठेवला. तिला धम्मपालचा राग आला होता, कारण तो घाबरला होता. आणि स्वतःचाही आला होता, कारण पंप गोदामात आहे असं प्रमाणपत्र तिनं स्वतःच दिलं होतं. पंप गेला कसा, हा प्रश्न मंडळातला प्रत्येक जण चवीनं चघळत होता. पण सात-आठ गड्यांनी उचलून नेलेल्या पंपाबद्दल डिसेंबरापासून एकाही गड्यानं तोंड उघडलं नव्हतं. ज्या मंडळात साहेबांच्या घरचं भांडण दुपारच्या चहापर्यंत सगळ्या खात्यांत पोचतं, तिथं हे अशक्य होतं.

पंप गेला कसा ते विचारणं तिनं सोडून दिलं. पंप आला कसा, ते विचारायचं ठरवलं.

३

आता मंडळाची एक रीत सांगायला हवी. मंडळात वेळेवर येण्याचा नियम कुणी पाळत नाही, पण एक नियम आजवर मोडलेला नाही. नवीन यंत्र आलं की ठेकेदारानं गड्यांना जेवण घालायचं. आधी नारळ, मग जेवण, मग यंत्र खाली. जेवणाशिवाय गडी ट्रकच्या फळीला हात लावत नाहीत. आदल्या वर्षी एक रोड रोलर गोदामाच्या फाटकात दोन दिवस तसाच ट्रकवर उभा होता, कारण ठेकेदारानं रस्सा पातळ केला होता. शहरातला रस्ता दोन दिवस थांबला तरी चालतो. पांढरा रस्सा पातळ झालेला चालत नाही.

ललिता पिराजीरावांच्या केबिनमध्ये गेली आणि तिनं पंपाचा विषयच काढला नाही.

"इंगळेसाहेब, तुमच्या खात्यात यंत्र आलं की मोठं जेवण होतं म्हणे. बाकीच्या खात्यांत हल्ली चिवड्यावर भागवतात."

पिराजीरावांची छाती फुगली. खर्चाबद्दल विचारलं असतं तर ते सावध झाले असते, पण ही अब्रूची गोष्ट होती. आपल्या खात्यात गडी उपाशी राहिले असं कोल्हापुरात कोण कबूल करील?

"आमच्यात तसलं चालत न्हाय मॅडम. मी सवता हुभा असतोय."

"या पंपाच्या वेळीही झालं?"

"व्हय की! नागाप्पानं बकरं कापलं. तांबडा, पांढरा, सुकं. गडी बोटं चाटत हुतं. मी सवता पोटभर जेवलो."

नागाप्पा हुक्केरी म्हणजे पंप पुरवणारा ठेकेदार. ललितानं मान डोलावली आणि ती गोदामात धोंडीराम मिस्त्रीकडे गेली. धोंडीराम तीस वर्षं तिथं मिस्त्री होता आणि त्या तीस वर्षांत त्यानं एकच हत्यार हातात धरलं होतं, तंबाखूची डबी.

"मिस्त्री, पंप आला तेव्हा जेवण काय होतं?"

धोंडीरामनं चुन्याचं बोट मध्येच थांबवलं. तो पिराजीरावांपेक्षा हुशार होता, म्हणजे त्यानं उत्तर द्यायच्या आधी थोडा विचार केला.

"जेवान? न्हाय झालं बघा. ठेकेदारानं टाळलं. लई चिकट माणूस हाय त्यो."

"आणि तरी गड्यांनी पंप उतरवला?"

"उतरवला की. माझ्या शब्दाबाहेर हायत का गडी?"

हे तो ज्या गड्यांसमोर म्हणाला, ते सावलीत आडवे झाले होते आणि त्याच्या सांगण्यावरून कूसही बदलत नव्हते. ललिता गोदामातून निघता निघता थांबली. तिथल्या प्रत्येक यंत्राच्या पोटावर हळदी-कुंकवाचे वाळलेले बोटांचे ठसे होते. लेथवर, पाइप कापायच्या मशीनवर, मोडक्या वजनकाट्यावरसुद्धा. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली होती त्याची ती खूण. काम कुणी केलं नाही तरी पूजा मात्र एकाही यंत्राची चुकवली नव्हती.

साहेब म्हणतात मटण झालं आणि मिस्त्री म्हणतात जेवणच झालं नाही. दोघांतला एक खोटं बोलत होता, आणि ललिताला आता वाटू लागलं होतं की कदाचित दोघंही.

४

नागाप्पा हुक्केरी गडहिंग्लजला राहायचा. शनिवारी ललिता एसटीनं तिथं गेली. घर मोठं होतं, अंगणात ट्रॅक्टर, जीप आणि पिठाची गिरणी. नागाप्पा कपाळावर भस्माचे आडवे पट्टे ओढून झोपाळ्यावर बसला होता. सरकारी माणसाला घाबरायचं नाही, जेवू घालायचं, हे शास्त्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

"या, या आक्का. जेवल्याशिवाय जायचं न्हाई. शांतादेवी, पान वाढ गं!"

त्याची बायको शांतादेवी लगबगीनं आत गेल्या. ललिताला विषय काढायची गरजच पडली नाही, तो आपोआप ताटातून आला.

"तुम्ही गड्यांनाही असंच जेवू घालता का, नागाप्पाअण्णा? पंप आणला तेव्हा?"

"मग! होळगी, तुमची पुरणपोळी हो, कटाची आमटी, वर साजूक तूप. सगळ्यांनी पोटभर खाल्लं."

"मटण नाही?"

नागाप्पानं दोन्ही कानांना हात लावले. "शिव शिव! आम्ही लिंगायत. माझ्या पैशानं बकरं कापायचं? देवराणे, देवाशपथ सांगतो आक्का, एवढं पाप मी आजवर केलं न्हाई."

बाकीची पापं मात्र त्याच्या चेहऱ्यावर निवांत बसलेली होती. एका जेवणाच्या आता तीन गोष्टी झाल्या होत्या. एकात बकरं, एकात पुरणपोळी आणि एकात काहीच नाही. कागदावर या तिघांनी सगळं जुळवलं होतं, ट्रकचा नंबर, पावती, मेलेल्या स्टोअरकीपरची सही. जुळवायचं राहिलं ते एवढंच.

जेवण झाल्यावर ललिता हात धुवायला अंगणात आली आणि नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिली.

जीपच्या बॉनेटवर तीन आडवे पांढुरके पट्टे होते, मध्ये कुंकवाचा ठिपका. ट्रॅक्टरवर तेच. पिठाच्या गिरणीवर तेच. "हे काय लावलंय?" तिनं शांतादेवींना विचारलं.

"दसऱ्याला पूजा करतो की आम्ही मशिनींची. आमच्यात भस्म लावायची पद्धत. मळ्यातल्या इंजिनाला, पंपाला, सगळ्यांना लावतोय."

ते तीन पट्टे ललितानं आधी पाहिले होते. डिसेंबरात, नदीकाठच्या शेडमध्ये, राखीव पंपाच्या पोटावर. तेव्हा तिला वाटलं होतं की कारखान्याची काहीतरी खूण असेल.

"मळ्यात पंप मोठा आहे का तुमच्या?" तिनं विचारलं.

"लई मोठा. आता उसाला पाणी चालू हाय, रात्रंदिवस बंद न्हाई," शांतादेवी अभिमानानं म्हणाल्या.

५

सोमवारच्या बैठकीत प्रशासक मधोमध बसले होते. हे गृहस्थ शांतपणाबद्दल प्रसिद्ध होते. ते जागे असतानाही तेवढेच शांत असत. एका बाजूला पिराजीराव, त्यांच्यामागे धोंडीराम आणि नागाप्पा, दाराजवळ धम्मपाल मान खाली घालून.

ललितानं तोंड उघडायच्या आत पिराजीरावांनी टेबलावर एक कागद सरकवला.

"साहेब, वेळ कशाला घालवायचा? माणसानं कबुली दिल्या. सकाळीच सही केली."

ललितानं धम्मपालकडे पाहिलं. त्यानं वर पाहिलंच नाही. तिला त्या क्षणी उठून निघून जावंसं वाटलं. तिनं सांगितलं होतं, एक ओळसुद्धा नाही. आणि त्यानं पानभर लिहून दिलं होतं, की पंप मी चोरला.

"मग विषय संपला," प्रशासक आनंदानं म्हणाले.

"एक मिनिट," ललिता म्हणाली. "मला इंगळेसाहेबांना जेवणाबद्दल विचारायचंय."

"जेवणाबद्दल?" प्रशासकांनी विचारलं.

"इंगळेसाहेब, पंप आला तो दिवस कोणता?"

"पावतीवर हाय की. श्रावणातला दुसरा सोमवार," पिराजीराव म्हणाले.

"त्या दिवशी नागाप्पांनी बकरं कापलं. तुम्ही स्वतः उभे होतात आणि पोटभर मटण जेवलात. मला तुम्हीच सांगितलंत."

खोलीत कुणीतरी खुसकन हसलं. पिराजीरावांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. ते खुर्ची मागे ढकलून उभे राहिले.

"श्रावणात? सोमवारी? मी मटण?" त्यांचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. "मॅडम, काय वाट्टेल ते बोला, पर हे बोलू नका! श्रावणात मी अंड्याला शिवत न्हाय! सोमवारी दिवसभर तोंडात पाणी घेत न्हाय! आमच्या घरात आजपतोर कुणी श्रावण बाटवला न्हाय!"

"म्हणजे मटणाचं जेवण झालं नाही."

"न्हाय झालं! देवीशप्पत न्हाय झालं!"

"पुरणपोळीचं तरी झालं का? नागाप्पाअण्णा म्हणतात ते?"

"काय बी झालं न्हाय! मी त्या दिवशी गोदामाकडं फिरकलो बी न्हाय!"

धोंडीरामनं डोळे मिटून घेतले. नागाप्पा छताकडे बघू लागला. पिराजीराव मात्र अजून छाती काढून उभे होते, आपला धर्म राखल्याच्या समाधानात. पुराचा पंप खाल्ल्याचा आरोप या माणसानं पान खात ऐकला असता. श्रावणात मटण खाल्ल्याचा त्याला सोसला नाही.

"जेवण झालं नाही," ललिता म्हणाली. "मग पंप उतरवला कुणी? या मंडळात जेवणाशिवाय गड्यांनी एक तरी यंत्र उतरवलंय का? धोंडीराम मिस्त्री, तुमचा शब्द राहू द्या, खाली गडी बसलेत, त्यांना वर बोलावून विचारू या."

धोंडीरामनं तंबाखूची डबी खिशात टाकली. गडी काय सांगतील ते त्याला पक्कं माहीत होतं.

प्रशासक पहिल्यांदाच पूर्ण जागे झाले. "पण बाई, डिसेंबरात तुम्ही स्वतः पंप पाहिलात. तुमच्या अहवालात आहे."

"पाहिला. तो गोदामात श्रावणापासून असता तर खंडेनवमीला मिस्त्रींच्या माणसांनी त्याला हळदी-कुंकू लावलं असतं. तिथं मोडक्या वजनकाट्यालासुद्धा लावलंय. मी पाहिलेल्या पंपावर भस्माचे तीन पट्टे होते. तसे पट्टे नागाप्पाअण्णांच्या अंगणातल्या प्रत्येक यंत्रावर आहेत. त्या पंपानं दसरा गडहिंग्लजला काढला. माझ्या तपासणीपुरता तो इथं आणला, नागाप्पांच्याच माणसांनी, आणि रात्री मिस्त्रींच्या चावीनं शेड उघडून परत नेला. मी तो चालवून बघते म्हटल्यावर पुन्हा आणायचा होता, पण उसाला पाणी चालू होतं. ऊस वाळवायचा का पंप चोरीला घालवायचा? तुम्ही स्वस्त पडलं ते केलंत."

नागाप्पा पुटपुटला, "मी नको म्हणालो होतो यांना." एवढं पुरेसं होतं.

ललितानं धम्मपालची कबुली उचलली आणि पिराजीरावांपुढे धरली.

"मंडळानं पंप कधी घेतलाच नाही. आणि न घेतलेला पंप चोरल्याची कबुली तुम्ही एका माणसाकडून लिहून घेतलीत. हा कागद आता मी कोर्टात देणार आहे, साहेब. धम्मपालच्या विरुद्ध नाही."

पिराजीराव खाली बसले. त्यांच्याबद्दल कणभरही वाईट वाटत नाही. पुढल्या पुरात पंप लागला असता, तेव्हाही त्यांना वाईट वाटलं नसतं.

६

संध्याकाळी ललिता धम्मपालला म्हणाली, "मी नको म्हटलं होतं. का लिहून दिलंत?" तिच्या आवाजात राग होता आणि तिनं तो लपवला नाही.

"माझ्या घरी चला मॅडम. आईला तुम्हीच सांगा. माझं सांगणं तिला पटायचं न्हाय."

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची मूर्ती, खाली धम्मपालची आई चिमणाबाई बसलेली. ललितानं तिला सगळं सांगितलं, सोपं करून, दोनदा. चिमणाबाई ऐकत होती, पण तिची नजर ललिताच्या मागे दाराकडे होती. धम्मपाल आत आला नव्हता, उंबऱ्यापाशीच उभा होता.

"म्हंजे त्यानं चोरला न्हाय?" चिमणाबाईनं विचारलं.

"चोरायला पंपच नव्हता, आक्का."

चिमणाबाई पदराचं टोक तोंडाला लावून म्हणाली, "साहेबांचा माणूस आलता काल. चांगल्या घरचा दिसत हुता. म्हणाला, समजावा पोराला, कबूल हू दे. म्हून मी त्याला इचारलं. म्हणलं, केलं असशील तर सांग बाबा, मी कुणाला सांगायची न्हाय." ती रडू लागली. "मी कशाला इचारलं वं?"

मंडळातल्या सगळ्या नालायकांना पुरून उरलेली ललिता तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

धम्मपाल आत आला. आईच्या समोर उकिडवा बसला आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "तू एकटीनं न्हाय इचारलंस, आई. साहेबांनी इचारलं, मिस्त्रींनी इचारलं, हापिसातल्या समद्यांनी इचारलं. त्यांचं मला काय वाटलं न्हाय. तू इचारलंस, मग सकाळी सही केली."